मनोवैद्यांचा जामीन कोण?

गेल्या आठवड्यांत आमच्या परिचयाचे एक कापडाचे व्यापारी कचेरींत आले. जाहिरातीचा हिशेब पुरा झाला तरी ते उठेनात. कांहीं वेळ बाजारभावाच्या गोष्टी करून त्यांनीं दाराकडे एकवार पाहिलें, आणि आवाज उतरवून आपली खरी अडचण सांगितली. त्यांच्या दुकानीं अठरा वर्षें रोकड वही संभाळणारे दिवाणजी मागील पावसाळ्यांत एकाएकीं बिघडले. प्रथम झोंप गेली. पुढें समोरचा पानवाला आपणांवर पाळत ठेवतो असें त्यांस वाटूं लागलें. आणि एके दिवशीं ते वहीचीं पानें फाडून गल्ल्याखालीं लपवितांना सांपडले. घरच्यांनीं अंगारा लावला, कोणा जाणत्याकडे नेलें, आणि तीन आठवडे असे फुकट गेल्यावर सरकारी इस्पितळांतील मनोविकारांच्या डॉक्टरांस दाखविलें. चार महिन्यांच्या औषधानें माणूस पूर्ववत् झाला आहे. कामावर जाण्यास हरकत नाहीं असा डॉक्टरांचा दाखलाही त्यांच्याजवळ आहे. आतां ते रोज सकाळीं दुकान उघडण्याच्या वेळीं पायरीशीं येऊन उभे राहतात, व शेठजी नजर चुकवून आंत जातात.

“दाखला आहे हो,” आमचे मित्र म्हणाले, “पण तो देणाऱ्याचा जामीन कोण? सोन्यावर छाप असते, मापावर सरकारी शिक्का असतो. ह्या मनाच्या डॉक्टरांना कसाला लावणारा कोणी आहे काय?”

प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ताप आला म्हणजे जो समाज डॉक्टरांकडे धांवतो, पण डोकें फिरलें म्हणजे देवळाची, दर्ग्याची अगर मांत्रिकाची वाट धरतो, त्याच्या मनांतील अढी आमच्या मित्रांनीं व्यापारी भाषेंत नेमकी मांडली. छातीच्या डॉक्टराचें निदान क्ष-किरणांच्या चित्रांत ताडून पाहतां येतें. रक्तांतील साखर मोजतां येते. मनोवैद्याजवळ (‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा रूढ शब्द वारंवार लिहिण्यास लांब, म्हणून आम्ही हाच वापरतों) असें यंत्र बहुधा नसतें. रोग्याशीं बोलणें, त्याच्या आप्तांस विचारणें, वागणुकीवर लक्ष ठेवणें आणि हें सारें शास्त्राशीं व अनुभवाशीं ताडणें, ह्यावर त्याचें निदान उभें असतें. शिवाय त्या निदानाच्या जोरावर प्रसंगीं माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध इस्पितळांत ठेवण्याची शिफारस तो करूं शकतो. ज्याच्या हातीं एवढी सत्ता आणि ज्याची पारख एवढी अवघड, त्याचा जामीन मागणें हा ग्राहकाचा हक्क आहे.

पहिला जामीन कायदा. वैद्यक परिषदेच्या नोंदवहींत नांव असल्याखेरीज कोणासही डॉक्टरी करतां येत नाहीं, आणि मनोवैद्य म्हणविण्यास त्या विषयांतील मान्य पदव्युत्तर शिक्षण लागतें. परंतु नोंदवही मुख्यतः एवढेंच सांगते कीं हा मनुष्य परीक्षा उतरला. परीक्षेला वीस वर्षें लोटलीं, मध्यंतरीं शास्त्र बदललें, नवीं औषधें आलीं, जुन्यांचे दोष उघडकीस आले, त्याचें काय? महाराष्ट्रासारख्या राज्यांच्या परिषदा डॉक्टरांकडून नोंदणी चालूं ठेवण्यासाठीं ठराविक तासांचें नवें शिक्षण मागतात खरें. पण तें शिक्षण देणार कोण? येथें दुसरा जामीन पुढें येतो, आणि आजच्या लेखाचा विषय तोच आहे. तो म्हणजे ह्या धंद्यांतील लोकांनीं स्वतः उभारलेली, नफा न कमावणारी, सभासदांच्या वर्गणीवर उभी असलेली सभा, इंडियन सायकिॲट्रिक सोसायटी.

बाजारांतील वाचकांस अशा संस्थेची कल्पना नवी नाहीं. सराफांचें महाजन, आडत्यांची पंचायत, कापडवाल्यांचें मंडळ ही आपल्याकडील जुनी रीत आहे. अशा मंडळाचीं दोन तोंडें असतात. एक तोंड सभासदांकडे, जकातीविरुद्ध अर्ज करणारें. दुसरें गिऱ्हाइकाकडे, खोटा गज वापरणाऱ्या आपल्याच सभासदाला दंड करणारें. पहिलें तोंड सर्व मंडळांस असतें. दुसरें ज्यांस असतें त्यांनाच लोक मानतात. मनोवैद्यांच्या सभेची पारख आम्ही ह्याच मापानें करणार आहों.

ह्या जातीच्या सभांचा जन्म मोठा मासलेवाईक आहे. इंग्लंडांत १८४१ सालीं अशी पहिली सभा स्थापन झाली ती वेड्यांच्या इस्पितळांवरील वैद्यकीय अधिकाऱ्यांची. अमेरिकेंत १८४४ सालीं फिलाडेल्फिया येथें तेरा गृहस्थ जमले, तेही सारे अशा इस्पितळांचे सुपरिंटेंडेंट. म्हणजे आरंभीं ह्या सभा, कठोर शब्द वापरावयाचा तर, कुलपांच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला त्यांच्या होत्या. हिंदुस्थानांतही त्याच विलायती सभेची शाखा १९३९ सालीं निघाली. पुढें १९४७ च्या जानेवारींत, दिल्लीस सायन्स काँग्रेसचें अधिवेशन भरलें असतां, येथील मूठभर मनोवैद्यांनीं ती शाखा बाजूस ठेवून देशाची स्वतंत्र सभा स्थापिली. स्वराज्य यावयास अद्याप सात महिने अवकाश होता. ह्या लोकांनीं तेवढी वाट पाहिली नाहीं, हें आम्हांस कौतुकाचें वाटतें.

त्या वेळीं देशांत सोय काय होती? भोर समितीचा अहवाल आदल्याच वर्षीं, १९४६ सालीं, प्रसिद्ध झाला होता. सुमारे चाळीस कोटि लोकांच्या देशांत मनोरुग्णांसाठीं खाटा होत्या अवघ्या दहा हजारांच्या घरांत. म्हणजे चाळीस हजार माणसांमागें एक. इंग्लंडांत त्याच सुमारास दर हजारीं तीन होत्या. समितीसाठीं रांचीच्या कर्नल मूर टेलर यांनीं देशांतील वेड्यांचीं इस्पितळें हिंडून पाहिलीं, आणि त्यांपैकीं बहुतेक बरें करण्यासाठीं नसून कोंडून ठेवण्यासाठीं बांधलेलीं आहेत, असा स्पष्ट अभिप्राय दिला. आपल्या महाराष्ट्रांतील नागपूर, रत्नागिरी, ठाणें व येरवडा हीं चारही इस्पितळें त्यापूर्वींचीं. ठाण्याचें १९०१ चें, येरवड्याचें १९१५ चें. ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ अगर ‘येरवड्याला नेऊन सोडा’ अशी चेष्टा करण्यापलीकडे शहाण्या मराठी माणसाचा ह्या शास्त्राशीं पुष्कळ दिवस फारसा संबंध आला नाहीं. सामान्य इस्पितळांत इतर रोग्यांच्या शेजारीं मनोरुग्णाला तपासण्याची सोय कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनीं १९३३ सालीं आणि मुंबईस जे. जे. इस्पितळांत डॉक्टर मसाणी यांनीं १९३८ सालीं केली. पुढील सर्व सुधारणेचें बीज त्यांत आहे. कारण ज्या दारानें खोकल्याचा रोगी जातो त्याच दारानें जाण्यास लाज वाटत नाहीं.

नव्या सभेनें आरंभींच हातीं घेतलेलें काम आपल्या धंद्याच्या सोयीचें नव्हतें. तिनें समिती नेमून वेड्यांविषयींच्या कायद्याचा नवा मसुदा तयार केला. तोंपर्यंत १९१२ चा ‘ल्यूनसी ॲक्ट’ चालूं होता, आणि त्यांत रोग्याला दाखल करण्याचा मार्ग मुख्यतः मॅजिस्ट्रेटच्या हुकुमांतून जात असे. जणूं वेड लागणें हा एक प्रकारचा गुन्हाच. १९५० च्या जानेवारींत, म्हणजे राज्यघटना अमलांत आली त्याच महिन्यांत, सभेचा मसुदा सरकारकडे गेला. त्याचें पुढें काय झालें? तो फिरत राहिला. विधेयक म्हणून लोकसभेपुढें यावयास अठ्ठावीस वर्षें लागलीं. कायदा झाला १९८७ सालीं. आणि अंमल सुरू झाला १ एप्रिल १९९३ रोजीं. ज्या तरुण मुलाला १९५० सालीं वेड लागलें तो ह्या सुधारणेची वाट पाहत म्हातारा झाला असेल. ह्या त्रेचाळीस वर्षांत सभासदांनीं सरकारच्या दारीं धरणें धरलें असतें तर काय झालें असतें, हें सांगतां येत नाहीं. सरकारचा दोष उघड आहे. पण विद्वानांच्या सभेला अर्ज लिहून स्वस्थ बसण्याची जी खोड असते तिच्यापासून ही सभा मुक्त होती, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

कायदा पडून असतां कित्येक सद्गृहस्थांनीं कायद्यावांचून सुधारणा करून दाखविली, हेंही नमूद केलें पाहिजे. अमृतसरच्या इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत आवारांत तंबू ठोकले आणि रोग्यांच्या नातलगांस तेथें येऊन राहण्यास सांगितलें. जागा अपुरी होती म्हणून निघालेली ही युक्ति. पण तिचें फळ असें कीं आईच्या हातचें जेवण व भावाची सोबत मिळून रोगी लवकर सुधारूं लागले, आणि नातलग जातांना हा आजार आहे, शाप नव्हे, हें शिकून गेले. अशा तंबूला ना मोठी इमारत लागली, ना परदेशी यंत्र.

आतां मुख्य मुद्दा. सभा गिऱ्हाइकाचा जामीन राहते, कीं सरकारचा अगर धंद्याचा साथीदार होते? ह्या बाबतींत जगाचा अनुभव दोन्ही प्रकारचा आहे, आणि वाईट उदाहरण आधीं सांगणें बरें. सोव्हिएट रशियांत सरकारविरुद्ध बोलणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांना ‘मंदगति स्किझोफ्रेनिया’ नांवाचा रोग चिकटवून वेड्यांच्या इस्पितळांत डांबण्याचा प्रघात पडला होता. तेथेंही मनोवैद्यांची देशव्यापी सभा होती, तिचींही अधिवेशनें भरत, तीही नफा कमावीत नसे. पण ह्या अधर्माविरुद्ध ती उभी राहिली नाहीं. जागतिक संघटनेंत १९७७ सालीं होनोलूलू येथें निषेध झाला, आणि आपल्यास काढून टाकणार असें दिसतांच १९८३ सालीं रशियन सभा आपण होऊन बाहेर पडली. झाला तो दुरुपयोग होता अशी कबुली दिल्यावर १९८९ सालीं तिला परत घेण्यांत आलें. नुसती सभा असणें म्हणजे जामीन असणें नव्हे, हें ह्यावरून कळेल.

दुसरें उदाहरण अमेरिकेचें. स्त्रीला स्त्रीविषयीं अगर पुरुषाला पुरुषाविषयीं प्रेम वाटणें हा मनाचा रोग, असें तेथील सभेच्या रोगांच्या यादींत छापलेलें होतें. आणि त्या एका ओळीच्या आधारावर कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, कित्येकांवर नकोसे उपचार झाले. ज्यांच्यावर हा शिक्का होता त्यांनींच अधिवेशनांत शिरून विद्वानांना जाब विचारला. अखेर १९७३ च्या डिसेंबरांत सभेच्या विश्वस्तांनीं ती ओळ काढून टाकली. जुन्या मताच्या सभासदांनीं सर्वांचें मतदान मागितलें. १९७४ सालीं तें झालें, आणि शेंकडा ५८ मतांनीं विश्वस्तांचा निर्णय कायम राहिला. हात वर करून शास्त्र ठरवावयाचें काय, अशी थट्टा त्या वेळीं झाली. थट्टा वाजवी आहे. पण ती ओळ मुळांत छापली तेव्हां तरी कोणत्या पुराव्यावर छापली होती, हा उलट प्रश्नही तितकाच वाजवी आहे. आपल्या देशांतील सभेनें हीच गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगण्यास २०१८ साल उजाडलें. मात्र सांगितली ती सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल होण्यापूर्वीं, निकालानंतर नव्हे. लोकांत अप्रिय होईल असें मत सभा देऊं शकते, एवढें त्यावरून दिसून आलें. अशा बाबतींत उशीर हा दोष, पण मौन हा त्याहून मोठा.

पैशाच्या बाबतींत मात्र आमचें मन इतकें स्वस्थ नाहीं. डॉक्टरांचीं मोठीं अधिवेशनें नुसत्या वर्गणीवर भरत नाहींत. औषधें करणाऱ्या कंपन्यांचे मंडप हें सर्वच वैद्यक संमेलनांतील ओळखीचें दृश्य आहे, आणि त्यांचा खर्च अखेर औषधाच्या किंमतींत निघतो हें व्यापाऱ्यांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. २००९ च्या डिसेंबरांत वैद्यक परिषदेनें कंपन्यांकडून भेटी व प्रवासखर्च घेण्यास बंदी करणारा नियम केला. परंतु २०१६ सालीं त्याच्या शब्दांतून डॉक्टरांच्या संघटना वगळण्यांत आल्या. म्हणजे एकट्या डॉक्टरानें घेतलें तर दोष, दहांनीं सभा करून घेतलें तर नाहीं! हा न्याय आम्हांस समजत नाहीं. ज्या विकारांवर औषध वर्षानुवर्षें घ्यावें लागतें त्या विकारांच्या वैद्यांनीं तर ह्या बाबतींत इतरांहून सोंवळें असावें. मनोवैद्यांच्या सभेनें आपल्या प्रत्येक अधिवेशनाचा जमाखर्च, कोणत्या कंपनीकडून किती रक्कम आली ह्याच्या आंकड्यांसह, वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावा अशी आमची सूचना आहे. वही उघडी ठेवणाऱ्याला गिऱ्हाइकांची वाण पडत नाहीं.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला, तेव्हां सभेचीं दोन्हीं तोंडें एकदम बोलूं लागलीं. ह्या कायद्यानें रोग्याला सांखळीनें बांधण्यास मनाई केली. गुंगीच्या व स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांवांचून विजेचा झटका देण्यास मनाई केली. आपण भ्रमिष्ट झाल्यास कोणते उपचार करावे व कोणते करूं नयेत हें प्रौढ माणसाला आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क दिला. आपल्या वतीनें बोलणारा प्रतिनिधि नेमण्याचा हक्क दिला. आणि इच्छेविरुद्ध ठेवलेल्या रोग्याची दाद घेण्यासाठीं जिल्ह्याजिल्ह्यांत मंडळें नेमावयास सांगितलीं. अनेक मनोवैद्यांनीं हरकती घेतल्या. मंडळें वेळेवर नेमलीं जाणार नाहींत, कागद वाढतील, सामान्य इस्पितळांतील लहान विभागही भीतीनें बंद पडतील, असें त्यांचें म्हणणें. ह्या हरकतींत तथ्य आहे, आणि मंडळांच्या बाबतींत कित्येक राज्यांनीं जी दिरंगाई केली तिनें त्यांचा अंदाज खराही ठरविला. परंतु रोग्याचा आगाऊ लेख म्हणजे वैद्याच्या कामांत अडथळा, असें जें कोणी म्हणतात त्यांच्या बाजूस आम्ही नाहीं. शुद्धींत असलेल्या माणसानें लिहून ठेवलेल्या मृत्युपत्राला आपण मान देतों. त्यानेंच जिवंतपणीं आपल्या देहाविषयीं लिहिलेल्या चार ओळींना मान द्यावयास नको काय? तो लेख घातक वाटल्यास मंडळाकडे जाण्याची वाट कायद्यानें वैद्यासही मोकळी ठेविली आहे.

हें सारें झालें जामिनाविषयीं. परंतु जामीन कितीही भक्कम असला तरी मालच पुरेसा नसेल तर काय उपयोग? सभेच्याच मासिकांत २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणें देशांत मनोवैद्य आहेत सुमारे नऊ हजार. लाख वस्तीमागें एकही पुरा नाहीं, पाऊण. निदान तीन तरी हवेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं बारा राज्यांत केलेल्या पाहणींत शेंकडा दहांहून अधिक प्रौढांस कोणता ना कोणता मनोविकार आढळला; आणि निरनिराळ्या विकारांत शेंकडा ७० पासून ९२ पर्यंत रोग्यांस कांहींच योग्य उपचार मिळत नव्हते. अशा स्थितींत सरकारनें १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम व १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम काढला आहे, त्याचें तत्त्व बरोबर आहे: तालुक्याच्या साध्या डॉक्टराला ठळक विकारांची ओळख व चार मुख्य औषधें शिकवावीं, आणि अवघड रोगी तेवढा वर पाठवावा. ह्यांत आपली प्रतिष्ठा कमी होते असें कोणा मनोवैद्यास वाटत असल्यास त्यानें लाख वस्तीला पाऊण हा आंकडा पुन्हां वाचावा.

जेथें वैद्य पोहोंचत नाहीं तेथें कोण पोहोंचतो, हें एरवाडीस दिसलें. (नांवांत येरवड्याशीं साम्य आहे, पण हें गांव तमिळनाडूंत रामनाथपुरम जिल्ह्यांत.) तेथील दर्ग्याच्या आश्रयानें मनोरुग्णांस ठेवून घेणारीं खाजगी घरें निघालीं होतीं. ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहांटे त्यांतील एका झांपाला आग लागली. आंतील माणसें सांखळीनें बांधलेलीं होतीं. अठ्ठावीस जण मेले. त्यांना तेथें कोणी चोरून नेलें नव्हतें. त्यांच्या स्वतःच्या माणसांनींच, बहुधा भाबडेपणानें व कांहीं अंशीं ओझें टाकावें म्हणून, नेऊन सोडलें होतें. आमच्या इकडे तसें होत नाहीं, असें म्हणण्याची घाई वाचकांनीं करूं नये. भूत काढण्याच्या निमित्तानें माणसाला दोरीनें अगर सांखळीनें बांधून मारणें हा गुन्हा आहे, असें सांगणारा कायदा महाराष्ट्राला २०१३ सालीं करावा लागला; आणि त्याच्यासाठीं वर्षानुवर्षें झगडणारे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षीं पुण्यांत भर रस्त्यावर खून झाला, तेव्हां कोठें त्याचा वटहुकूम निघाला.

आमच्या सुशिक्षित घरांतील सांखळी लोखंडाची नसते, एवढाच काय तो फरक. मुलाला भास होतात. आईबाप डॉक्टरांकडे नेत नाहींत, कारण धाकट्या मुलीचें लग्न जुळावयाचें आहे. मुलीला नैराश्याचा आजार आहे; औषधाच्या पुड्या डब्यांत लपवून तिला सासरीं पाठवितात, आणि सासूच्या भीतीनें ती औषध सोडते. सर्वांत घातक समजूत ही कीं ‘लग्न करून द्या, म्हणजे ठिकाणावर येईल.’ ज्याचा मेंदू आजारी आहे त्याला दुसऱ्याच्या लेकीच्या गळ्यांत बांधणें हा उपचार नव्हे, फसवणूक आहे. आणि ती उघडकीस आली म्हणजे दोन घरें कोर्टाचीं पायरी चढतात. मधुमेह असल्याचें वरपक्षाला सांगणारे पुष्कळ आहेत. हा आजारही तसाच सांगून, औषधानें तो आटोक्यांत आहे हें दाखवून, ठरलेलीं लग्नें नीट नांदतांना आम्हीं पाहिलीं आहेत.

व्यापाऱ्यांच्या उपयोगाच्या दोन गोष्टी येथेंच सांगून ठेवतों. २०१७ च्या कायद्यानें विमा कंपन्यांवर मनोविकारांचा उपचारखर्च शरीराच्या आजारांप्रमाणेंच देण्याचें बंधन घातलें आहे. नोकरांसाठीं सामुदायिक विमा घेणाऱ्यांनीं त्यांतील अटी ह्या दृष्टीनें वाचून घ्याव्या, आणि जेथें हें कलम गाळलेलें दिसेल तेथें लेखी विचारावें. दुसरें, १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनें ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीची सोय सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, तोही मराठींतून.

आमच्या मित्रांस आम्हीं उत्तर दिलें तें असें. दाखला देणाऱ्या डॉक्टराचे जामीन दोन आहेत. नोंदवहीचा पक्का, आणि सभेचा अजून पुरता कसाला न उतरलेला, पण दिवसेंदिवस सुधारणारा. सभेच्या मासिकांत अशा विकारांचे उपचार कसे करावे ह्याचे नियम छापून येतात. ते कोणासही विनामूल्य वाचतां येतात. त्यांच्या आधारें डॉक्टरांस प्रश्न विचारण्यास लाजूं नये. मात्र कोणत्याही डॉक्टराचा दाखला आजारापुरता असतो. रोकड वही विश्वासानें हातीं देण्याजोगा हा माणूस आहे कीं नाहीं, हें त्यांत लिहिलेलें नसतें. तें शेठजींच्याच कपाटांतील अठरा वर्षांच्या वह्यांत लिहिलेलें आहे. त्यांत आजवर एका पैची चूक निघाली होती काय, असें आम्हीं विचारलें.

“नाहीं,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळानें, “एकदां निघाली होती, ती माझी होती.”

परवां त्या बाजूस जाण्याचा योग आला. दिवाणजी दुकानांत होते. सध्यां ते अर्धा दिवस बसतात, बिलें लिहितात, आणि दुपारच्या औषधाची वेळ झाली म्हणजे उघडपणें पाणी मागून घेतात. समोरच्या पानवाल्यानें त्यांना पान पाठविलें होतें. रोकड वही अद्याप शेठजींच्या गादीशेजारींच आहे.